अँटेना लावला तरी चॅनल तुटतंय? न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांचे नेटवर्क ट्यूनरबद्दलचे नेहमीचे प्रश्न

प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर, साउथ ब्रन्सविक, एडिसन या पट्ट्यात केबल बंद करून अँटेना लावलेली आपली बरीच घरं आहेत, आणि अँटेनाला एचडीहोमरनसारखा नेटवर्क ट्यूनर जोडला की घरातल्या सगळ्या टीव्हींवर, फोनवर, टॅबलेटवर फुकट चॅनलं दिसतात हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालंय. पण लावल्यावर आठवडाभरात फोन येतोच, की अरे ते मधेच अडकतंय, सात नंबर येतच नाही, सिग्नल मोठा करणारा बूस्टर कुठला घेऊ? तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी प्लेन्सबरोचाच आहे, त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील, पण तुम्ही शिकागोत असा नाहीतर डॅलसमध्ये, शोधायची पद्धत तीच.

टीव्हीलाच थेट अँटेना लावला तर काय बिघडतं?

काहीच नाही. एकच टीव्ही असेल तर तसंच करा. नेटवर्क ट्यूनरचा फायदा असा की अँटेनाची वायर फक्त एका डब्यापर्यंत न्यायची, तो डबा राउटरला जोडायचा, आणि मग प्रत्येक खोलीत वायर ओढत बसायला नको. आणि दुसरा फायदा, जो मला जास्त मोठा वाटतो, म्हणजे हा डबा तुम्हाला आकडे दाखवतो. टीव्ही नुसता ‘नो सिग्नल’ म्हणून गप्प बसतो, हा सांगतो दुखतंय कुठे.

चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो. सगळ्यात आधी काय बघू?

आकडे. काहीही विकत घ्यायच्या आधी, काहीही हलवायच्या आधी आकडे. जे चॅनल तुटतंय ते एखाद्या टीव्हीवर चालू ठेवा, आणि फोनच्या ब्राउझरमध्ये ‘एचडीहोमरन डॉट लोकल’ उघडा, नाही उघडलं तर राउटरमध्ये बघून त्या डब्याचा आयपी अ‍ॅड्रेस टाका. तिथे ट्यूनरचं स्टेटस दिसतं. चॅनल चालू असेल तेव्हाच आकडे येतात, नाहीतर सगळं रिकामं असतं आणि लोकांना वाटतं डबाच बिघडला.

तीन ओळी महत्त्वाच्या. सिग्नल स्ट्रेंग्थ म्हणजे वायरमधून एकूण किती जोर येतोय. सिग्नल क्वालिटी म्हणजे त्या जोरात खरा सिग्नल किती आणि खरखर किती. सिंबल क्वालिटी म्हणजे दुरुस्त करता न आलेल्या चुका होतायत का. ही तिसरी ओळ कायम १०० पाहिजे, ९८ म्हणजे जवळजवळ चांगलं असं इथे नसतं, ९८ झालं की चित्र तुटलंच. क्वालिटी माझ्याकडे ५०-६० च्या पट्ट्यात आली की तुटायला सुरुवात होते, ८० च्या वर असली की मी त्या चॅनलचा विचारच सोडून देतो.

एक वही घ्या किंवा फोनमध्ये नोट करा. चॅनल, वेळ, तीन आकडे. सकाळी एकदा, रात्री एकदा. हे कंटाळवाणं आहे मला मान्य आहे, पण हे केलं नाही तर पुढचं सगळं अंधारात दगड मारणं आहे.

स्ट्रेंग्थ ९५-१०० टक्के दाखवतंय तरी तुटतं, असं कसं होईल?

होतं, आणि खूप वेळा होतं. स्ट्रेंग्थ म्हणजे नुसता आवाज. लग्नाच्या हॉलमध्ये डीजे चालू असताना शेजारचा माणूस तुमच्याशी बोलतोय, आवाज भरपूर आहे पण शब्द एक कळत नाही, तसं. स्ट्रेंग्थ जास्त आणि क्वालिटी कमी असेल तर बहुतेक तीनपैकी एक कारण असतं. एक, बूस्टरने खरखरही वाढवलीय. दोन, सिग्नल इतका जास्त झालाय की ट्यूनर गुदमरतोय. तीन, एकच सिग्नल इमारतींवर, झाडांवर आपटून दोन-तीन वाटांनी येतोय. पहिल्या दोनसाठी बूस्टर काढून परत आकडे बघा. तिसऱ्यासाठी अँटेना हलवायला लागतो, दुसरा इलाज नाही.

आमच्या लहानपणी मुंग्या यायच्या पण दिसायचं तरी. आता एकदम बंदच का पडतं?

हा प्रश्न माझ्या बाबांचा, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते तेव्हाचा. पुण्यात १९७३ पासून सिंहगडावरून दूरदर्शन यायचं, आणि ज्यांनी गच्चीवर चढून ‘दिसतंय का रे?’ ओरडत अँटेना फिरवलाय त्यांना हा प्रश्न पडणारच. ते अ‍ॅनालॉग होतं, सिग्नल कमी झाला की मुंग्या वाढत जायच्या, पण बातम्या देणारी बाई ओळखू यायची. अमेरिकेत मोठ्या स्टेशनांचं अ‍ॅनालॉग १२ जून २००९ ला बंद झालं. डिजिटलमध्ये खरखरीपेक्षा सिग्नल साधारण १५ डेसिबलने वर आहे तोवर चित्र आरशासारखं स्वच्छ, त्याच्या थोडं खाली आलं की काहीच नाही. मधली अवस्था जवळजवळ नाहीच. म्हणजे चॅनल छान दिसतंय याचा अर्थ तुम्ही सुरक्षित आहात असा नाही, तुम्ही कड्याच्या अगदी टोकावर उभे असू शकता आणि वाऱ्याने झाड हललं की खाली. म्हणून आकडे.

सिंबल क्वालिटी १०० आहे, बाकीचे आकडेही चांगले आहेत, तरी अडकतं.

मग अँटेनाला हात लावू नका! तुमचा प्रॉब्लेम घरातल्या नेटवर्कचा आहे. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं इथे फार लोक करतात, अँटेना बदलतात, छतावर चढतात, आणि दोष वाय-फायचा निघतो.

एका टीव्ही फ्रिक्वेन्सीवर सेकंदाला १९.३९ मेगाबिट जातात, आणि त्यातलं एक एचडी चॅनल बऱ्याचदा १० ते १५ खातं. नेटफ्लिक्स पुढचं थोडं आधीच भरून ठेवतं, म्हणून वाय-फाय क्षणभर अडलं तरी कळत नाही, लाइव्ह टीव्हीला ती सोय फारशी नसते. ट्यूनर राउटरला वायरनेच जोडा, शक्य असेल तर टीव्हीची पेटीही वायरवर घ्या. वायर ओढणं शक्य नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. तपासायची सोपी युक्ती म्हणजे लॅपटॉप राउटरला केबलने जोडून त्यावर तेच चॅनल दहा मिनिटं बघा. तिथे लोण्यासारखं चाललं तर गुन्हेगार सापडला.

घरात मोका, म्हणजे टीव्हीच्या वायरवरून इंटरनेट नेणारे, अ‍ॅडॅप्टर असतील आणि तेही त्याच कोअ‍ॅक्स केबलवर असतील तर ट्यूनरच्या तोंडाशी मोका फिल्टर लावा. मोका ११२५ मेगाहर्ट्झच्या वर चालतं, टीव्ही ६०८ च्या खाली, त्यामुळे भांडण व्हायला नको खरं तर, पण फिल्टर स्वस्त आहे आणि एक शंका कमी होते.

बाकी सगळी चॅनलं येतात, फक्त ७ नंबर येत नाही. किंवा फिलाडेल्फियाचं ६.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

टीव्हीवर दिसणारा नंबर आणि हवेतला नंबर हे दोन वेगळे असतात. न्यूयॉर्कचं २ नंबरचं डब्ल्यूसीबीएस हवेत ३६ वर आहे. ४ नंबरचं डब्ल्यूएनबीसी ३५ वर. हे सगळे यूएचएफ, म्हणजे टीव्हीचा वरचा पट्टा, १४ ते ३६. पण ७ नंबरचं डब्ल्यूएबीसी खरोखरच ७ वर आहे, ११ चं डब्ल्यूपीआयएक्स खरोखर ११ वर, ही हाय व्हीएचएफ झाली, म्हणजे त्याखालचा पट्टा. आणि फिलाडेल्फियाचं ६ नंबरचं डब्ल्यूपीव्हीआय खरोखर ६ वर, म्हणजे ८२ ते ८८ मेगाहर्ट्झ, सगळ्यात खालचा पट्टा, लो व्हीएचएफ, आणि मोठ्या शहरातलं मोठं स्टेशन लो व्हीएचएफवर हे आता विरळच. स्टेटसच्या पानावर फ्रिक्वेन्सी दिसते, १७७ दिसलं तर ते ७, ८५ दिसलं तर ते ६.

आता लांबीचा हिशोब बघा. यूएचएफच्या मधल्या चॅनलला साधारण २७ सेंटिमीटरची काडी पुरते. ७ ला ८५ सेंटिमीटर लागते. ६ ला पावणेदोन मीटर, म्हणजे माणसाएवढी. खिडकीला चिकटवायचा तो कागदासारखा चपटा अँटेना ६ नंबर कसा पकडणार सांगा? त्याच्या खोक्यावर ‘व्हीएचएफ’ लिहिलेलं असतं, पण भौतिकशास्त्र खोका वाचत नाही. ६ आणि ७ हवे असतील तर लांब काड्यांचा वेगळा व्हीएचएफ अँटेना घ्या आणि यूएचएफच्या अँटेनाशी तो यूव्हीएसजे नावाच्या छोट्या जोडणीने जोडा, साध्या स्प्लिटरने (एका वायरीच्या दोन करणाऱ्या जोडणीने) नाही.

अजून दोन गोष्टी. व्हीएचएफला घरातलीच खरखर फार लागते, स्वस्त एलईडी बल्ब, फोनचे चार्जर, गॅरेजच्या दाराची मोटर. ७ चालू ठेवा आणि घरातले दिवे एकेक बंद करत आकडा बघा. माझ्याकडे अ‍ॅटिकच्याच, म्हणजे छपराखालच्या माळ्यावरच्याच, एका बल्बने ७ ची क्वालिटी खाल्ली होती, मी वर जाऊन दिवा लावायचो, अँटेना हलवायचो आणि आकडे वाईट, दिवा बंद करून खाली यायचो आणि आकडे बरे, हे लक्षात यायला मला दोन शनिवार लागले. आणि दुसरं म्हणजे एफएम. एफएम रेडिओ ८८ पासून सुरू होतो, ६ नंबर ८८ लाच संपतो, एकमेकांना खेटून. एफएम स्टेशन जवळ असेल तर लोक एफएम ट्रॅप, म्हणजे एफएम अडवणारा फिल्टर, लावायला सांगतात, ७ साठी तो खरंच उपयोगी पडतो, पण तोच ट्रॅप ६ ला सुद्धा दाबून टाकू शकतो. काही बूस्टरमध्ये तो आतच बसवलेला असतो आणि चालू-बंद करायचं छोटं बटण असतं, ते शोधा.

आम्हाला न्यूयॉर्कही हवं आणि फिलाडेल्फियाही. मुलाला ईगल्स (फिलाडेल्फियाची फुटबॉल टीम), नवऱ्याला जायंट्स (न्यूयॉर्कची).

प्लेन्सबरोची मजा हीच आहे. न्यूयॉर्कचे मोठे अँटेना एम्पायर स्टेट आणि वन वर्ल्ड ट्रेडवर, इथून ईशान्येला. फिलाडेल्फियाचे रॉक्सबरोला, इथून पश्चिम-नैऋत्येला. दोन्हीकडे अंतर ४० मैलांच्या आसपास आणि दिशा जवळजवळ एकमेकांच्या पाठीला पाठ.

इथे लोक दोन अँटेना आणतात, उलटा स्प्लिटर लावून दोन्ही वायरी एक करतात आणि मग आधी येत होतं तेही जातं. कारण एकच स्टेशन दोन्ही अँटेनांतून थोडं पुढेमागे येतं आणि स्वतःशीच भांडतं, वर स्प्लिटर साडेतीन डेसिबल खातो तो वेगळाच. हे करू नका. दोन ट्यूनर घ्या! एक डबा न्यूयॉर्कच्या अँटेनाला, दुसरा फिलाडेल्फियाच्या, दोन्ही एकाच राउटरला. अ‍ॅपमध्ये दोन्हींची चॅनलं एका यादीत येतात, बघणाऱ्याला कळतही नाही कुठलं कुठून येतंय. नेटवर्क ट्यूनरचा इतका सुंदर उपयोग दुसरा नाही, आणि जुना दोन ट्यूनरवाला, म्हणजे एका वेळी दोन चॅनलं देणारा, सेकंडहँड डबा चालतो. गेली काही वर्षं माझ्याकडे असंच आहे आणि दोन्ही शहरांच्या बातम्या एकाच रिमोटवर येतात.

अँटेना अ‍ॅटिकमध्ये लावला तर चालेल का?

चालतो, पण किंमत मोजावी लागते. लाकूड आणि शिंगल थोडा सिग्नल खातात, ओलं झालं किंवा बर्फ बसलं की जास्त. इन्सुलेशनला चांदीसारखा कागद असेल, भिंतीला अ‍ॅल्युमिनियम साइडिंग असेल, किंवा त्या बाजूच्या छपरावर सोलर पॅनल असतील तर अ‍ॅटिकचा नाद सोडा. खिडक्यांचंही तसंच, नवीन लो-ई काचेवर धातूचा पातळ थर असतो, आपल्याला दिसत नाही पण सिग्नलला दिसतो.

आधी रॅबिटइअर्सच्या साइटवर आपला पत्ता टाकून बघा, कुठलं स्टेशन कुठल्या दिशेला, किती जोरात, मधे टेकडी येते का, सगळं देतात. दिशा लावताना एक चूक टाळा, होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यात इथे सुमारे १२ अंशांचा फरक आहे, फोनच्या कंपासमध्ये कुठली उत्तर चालू आहे ते सेटिंग बघा आणि साइटवरचा तोच आकडा वापरा.

मग फोन घेऊन वर जा, खाली टीव्हीवर अवघड चॅनल लावून ठेवा आणि स्टेटसचं पान रिफ्रेश करत अँटेना थोडा थोडा हलवा. नुसता फिरवू नका, पुढे-मागे-वर-खाली सरकवा. एक फूट सरकवल्याने क्वालिटी ५५ वरून ८० झालेली मी बघितलीय, अ‍ॅटिकमध्ये सिग्नल असा पट्ट्यापट्ट्यांनी असतो. प्रत्येक बदलानंतर अर्धा मिनिट थांबा, आणि एका वेळी एकच बदल. वर जाताना फक्त जॉइस्टवर, म्हणजे आडव्या लाकडी तुळयांवर, पाय ठेवा, मधे प्लास्टर असतं.

बूस्टर घेऊ का? कुठला?

लगेच नको. बूस्टर नवीन सिग्नल तयार करत नाही. अँटेनाने जे पकडलं तेच तो मोठं करतो, खरखरीसकट, वर स्वतःची थोडी घालतो. तो कशासाठी असतो? वायरमध्ये आणि स्प्लिटरमध्ये जे वाया जातं त्याची भरपाई करायला. आरजी-६ केबल १०० फुटाला यूएचएफवर ५-६ डेसिबल खाते, चार तोंडांचा स्प्लिटर ७ खातो. एवढं जात असेल तर बूस्टर हवा, आणि तो अँटेनापाशी हवा, टीव्हीपाशी नाही, कारण एकदा खरखरीत बुडालेला सिग्नल नंतर वर काढता येत नाही.

नेटवर्क ट्यूनर असेल तर बऱ्याचदा स्प्लिटरच लागत नाही, चार ट्यूनरवाल्या डब्यातली वाटणी आत होते. केबलवाल्यांनी बेसमेंटमध्ये लावून ठेवलेला जुना आठ तोंडांचा स्प्लिटर अजून मधे आहे का ते बघा, असेल तर काढा आणि सरळ वायर जोडा. फुकटात १०-११ डेसिबल मिळतात, कुठलाही बूस्टर एवढी स्वच्छ मदत करणार नाही.

‘२०० मैल रेंज’ लिहिलेल्या अँटेनावर पैसे घालवू नका. पृथ्वी गोल आहे, साधारण ६०-७० मैलांनंतर स्टेशन क्षितिजाखाली जातं.

फक्त २ नंबर तुटतं, बाकी सगळं ठीक.

वर म्हटलं तसं २ नंबर हवेत ३६ वर आहे, म्हणजे ६०२ ते ६०८ मेगाहर्ट्झ, टीव्हीच्या पट्ट्याचं शेवटचं घर. त्याच्या लगेच पलीकडे ६१७ पासून मोबाइल टॉवर बोलतात. टॉवर जवळ असेल आणि बूस्टर असेल तर बूस्टर टॉवरचाच आवाज वाढवत बसतो. मोबाइलचा सिग्नल अडवणारा एलटीई-फाइव्हजी फिल्टर लावून बघा, पण विकत घेताना तो ६०८ च्या वर कापतो का ते वाचा, जुने फिल्टर ७०० च्या आसपास कापतात, त्यांचा इथे उपयोग नाही. फिल्टर बूस्टरच्या आधी बसवायचा.

सगळं करून झालं, तरी आकडे खालीच. आता?

कनेक्टर उघडा. खरंच, प्रत्येक कनेक्टर उघडून डोळ्यांनी बघा.

ओळखीतल्या एका घरी आम्ही दोन तास अँटेना फिरवत होतो. शेवटी भिंतीतून बाहेर येणाऱ्या वायरचा कनेक्टर मी सोडवला, आतली तांब्याची तार चकचकीत हवी ती हिरवट काळी झालेली, आणि बाहेरच्या जाळीतला एक केस, अक्षरशः केसाएवढा, वळून त्या मधल्या तारेला टेकलेला. वायर इंचभर मागे कापली, जाळी नीट मागे दुमडली, नवीन कॉम्प्रेशन कनेक्टर बसवला. क्वालिटी ५२ होती, ८८ झाली. अँटेनाची दिशा पहिल्यापासून बरोबरच होती.

मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर किंचित यायला हवी. पिळून बसवायचे कनेक्टर वापरू नका. बाहेरचा जोड असेल तर रबरी टोपी घाला आणि वायरला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही. छतावर अँटेना असेल तर ग्राउंड ब्लॉक लावून घराच्या अर्थिंगला जोडणं आवश्यक आहे, यात काटकसर करू नका.

उन्हाळ्यात बिघडतं, थंडीत आपोआप बरं होतं. ट्यूनर गरम होतो का?

बहुतेक झाडं. पानं आली की सिग्नल अडतो, ओली पानं अजून अडवतात, वारा सुटला की आकडा नाचतो. म्हणून अँटेना जानेवारीत लावलात तर मे-जूनमध्ये परत आकडे घ्या. उन्हाळ्यात पहाटे कधी कधी हवेच्या थरांमुळे लांबची स्टेशनं येऊन जवळच्यांवर आदळतात, ते काही तासांत जातं, त्यासाठी काही हलवू नका.

एचओए, म्हणजे आपल्या वसाहतीची सोसायटी, म्हणते अँटेना लावायचा नाही.

एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या प्रसारण-दूरसंचार नियामकाचा, ओटार्ड नावाचा नियम आहे, त्यानुसार जी जागा फक्त तुमच्याच वापरात आहे, म्हणजे तुमची बाल्कनी, तुमचा पॅटिओ, तुमचं स्वतःचं छप्पर, तिथे टीव्हीचा अँटेना लावायला एचओए अडवू शकत नाही. सामाईक छप्पर किंवा सामाईक भिंत यात येत नाही. भांडायला जाऊ नका, नियमाचं नाव लिहून शांतपणे ईमेल करा.

काल दिसत होतं, आज चॅनलच गायब.

परत स्कॅन करा. स्टेशनं हवेतला नंबर बदलतात, २०२० च्या जुलैपर्यंत तर देशभर फेरवाटप चालू होतं. ट्यूनरच्या पानावर ‘डिटेक्ट चॅनल्स’ दाबा, काही मिनिटं लागतात. पण एक सांगतो, सिग्नल खराब असताना स्कॅन केलं तर जी चॅनलं त्या क्षणी अडली ती यादीतून जातील, त्यामुळे आधी स्टेटस, मग स्कॅन.

एटीएससी ३.० वाला (टीव्ही प्रसारणाच्या नव्या पद्धतीचा) महाग डबा घेतला तर सिग्नल सुधारेल?

त्यासाठी घेऊ नका. तंत्र चांगलं आहे, पण बरीच स्टेशनं त्यात कुलूप लावून पाठवतात आणि नेटवर्क ट्यूनरवर ते उघडण्याची भानगड आहे. तेच पैसे चांगल्या अँटेनावर आणि केबलवर घाला.

वादळात इंटरनेट गेलं तर हे चालतं का?

चालतं, सिग्नल हवेतून येतो आणि घरातल्या घरात राउटरवरून फिरतो, बाहेरचं इंटरनेट लागत नाही. कार्यक्रमांची यादी ताजी होणार नाही एवढंच. फक्त वीज हवी, म्हणून मी राउटर, ट्यूनर आणि अँटेनाच्या बूस्टरचा प्लग तिन्ही एका छोट्या यूपीएसवर ठेवलेत. बूस्टरचा प्लग लोक विसरतात, आणि वीज गेली की बंद पडलेला बूस्टर सिग्नल पुढे जाऊच देत नाही.